उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली अंडी का नासतात?

जळगाव-धुळे भागात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. या दिवसांत खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत आणि तीन-चारच पिल्ले निघावीत, असा अनेकांचा अनुभव आहे. दोष कोंबडीला दिला जातो. तुटते मात्र घरधनिणीची मिळकत. बहुतेक वेळा अंडी कोंबडीखाली जाण्यापूर्वीच बिघडलेली असतात.

नराशिवायही कोंबडी अंडी घालते, पण त्यांतून पिल्लू निघत नाही. म्हणून आठ-दहा माद्यांमागे एक निरोगी नर ठेवावा. फलन मादीच्या शरीरातच होते. पुढे पांढरा बलक व कवच चढून अंडे बाहेर पडण्यास सुमारे 25 तास लागतात, तोवर भ्रूणाची वाढ सुरू झालेली असते. अंडे गार झाले की ती थांबते. अडचण येथेच आहे. सुमारे 21 ते 24 अंशांच्या वर ही वाढ पुन्हा सुरू होते. परंतु कोंबडीची 37-38 अंशांची ऊब नसल्याने ती धड होत नाही व भ्रूण अशक्त होऊन मरतो. पत्र्याच्या घरात आठवडाभर साठवलेल्या अंड्यांचे हेच होते.

यासाठी उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत. ओल्या वाळूत रोवलेल्या माठात कोरडे तूस घालून, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. अंडी धुवू नयेत. तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. हिवाळ्यात आठवडाभराची चालतात. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहावे. आत लाल शिरांचे जाळे न दिसणारी अंडी काढून टाकावीत.

शेवटच्या तीन दिवसांत कोरडी झळ घातक ठरते. पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेते व मग कवच फोडते. आतला पापुद्रा सुकला तर ते त्यातच चिकटते. टोपलीखाली ओली वाळू व झळेच्या बाजूला भिजवलेले गोणपाट ठेवावे. कवच हाताने सोलण्याची घाई करू नये, रक्तस्राव होतो. 21 व्या दिवशी निघालेले पिल्लू पोटातील बलकावर दिवसभर सहज राहते.

एवढी निगा शक्य नसेल, तर मे महिन्यात कोंबडी बसवूच नये, असे आमचे मत आहे. तिला चार-पाच दिवस हवेशीर, सावलीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवावे. खुडूकपणा जाऊन ती पुन्हा अंड्यावर येते.