जॅझ संगीताची ओळख : पुस्तकांच्या वाटेने

अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेचा लढा आणि तिचे साहित्य मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली तेथील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली. या साऱ्या देवाणघेवाणीत एक गोष्ट मात्र मागे राहिली. ती म्हणजे त्या जनतेचे संगीत. लँगस्टन ह्यूज हा कवी आपल्याकडील साहित्यचर्चेत वारंवार येतो. परंतु त्याच ह्यूजने १९५५ मध्ये खास मुलांसाठी 'द फर्स्ट बुक ऑफ जॅझ' हे पुस्तक लिहिले, याचा उल्लेख क्वचितच होतो. कवितेइतकेच संगीत मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे असे त्याला वाटले. आम्हांलाही तसेच वाटते, म्हणून हा लेख.

जॅझ म्हणजे काय, हे मुलांना व्याख्येने सांगू नये. एवढे सांगितले तरी पुरे : गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी, शेतात राबतानाची गाणी, चर्चमधील सामुदायिक गायन, ब्लूज नावाची दुःखाची गाणी आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये यांतून विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात हे संगीत घडविले. मूळ चाल सर्वांना ठाऊक असते. वादक ती वाजविता वाजविता तेथल्या तेथे नवी करतो. आपल्या मुलांना हे समजावण्यास फार लांब जावे लागत नाही. आंबेडकरी जलशात मुख्य शाहीर एक ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. एकाने पुकारावे आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यावा, ही पद्धत जॅझमध्येही आहे. रागदारीतील उपज हाही एक दाखला आहे. मात्र साम्य दाखवून थांबू नये. आपल्याकडे गायक रागाच्या चौकटीत विस्तार करतो, तर जॅझचा वादक एकामागून एक बदलत जाणाऱ्या स्वरसंगतींवरून वाट काढतो. हा फरक लपविला तर मुलांच्या हाती अर्धवट ज्ञान येते.

केवळ ध्वनिमुद्रण लावून मुलांना बसविले तर काय होते, हे कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको. पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. हेच ध्वनिमुद्रण वादकाची गोष्ट वाचून झाल्यावर लावले, की मूल त्या माणसाला शोधत ऐकते. म्हणूनच आम्ही पुस्तकाला प्रथम स्थान देतो. ह्यूजनेही त्याच सुमारास स्वतःच्या निवेदनासह मुलांसाठी जॅझच्या इतिहासाची ध्वनिमुद्रिका काढली होती. वाचन आणि श्रवण यांची सांगड त्याने तेव्हाच घातली होती.

निवासी शाळेतील मुलांसाठी सर्वांत आधी लुई आर्मस्ट्राँगचे बालपण घ्यावे. त्यासाठी रॉक्सेन ऑर्गिल यांचे 'इफ आय ओन्ली हॅड अ हॉर्न' (१९९७) हे सचित्र पुस्तक उपयुक्त आहे. आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ चा, न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत गरीब वस्तीतला. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री त्याने रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला आणि अकरा वर्षांच्या त्या मुलाची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथील बँडशिक्षक पीटर डेव्हिस यांचा प्रथम त्याच्यावर विश्वास नव्हता. पुढे त्यांनी त्याला खंजिरी दिली, मग ढोल, मग बिगूल, आणि शेवटी कॉर्नेट. त्याला बँडचा प्रमुखही केले. सुधारगृह आणि आपले वसतिगृह यांत मोठे अंतर आहे, ते मुलांना स्पष्ट सांगावे. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या हाती योग्य वेळी एखादे वाद्य पडले तर काय होते, हे त्यांना आपोआप कळते. पिस्तुलाचा प्रसंग काही पालकांना खटकेल. तो गाळू नये. तो गाळला तर शिक्षा नाहीशी होते, आणि शिक्षेबरोबर त्या काळातील वर्णभेदही गोष्टीतून निघून जातो.

रेचेल इसाडोरा यांच्या 'बेन्स ट्रम्पेट' (१९७९) मधील बेनजवळ वाद्यच नाही. तो ट्रम्पेट नसतानाच वाजवितो आणि इतर मुले त्याला हसतात. काळ्या-पांढऱ्या रेषांतील ती चित्रे मुलांनी हातात घेऊन पाहावीत. ख्रिस रॅश्का यांचे 'चार्ली पार्कर प्लेड बी बॉप' (१९९२) मात्र निराळ्या जातीचे. त्यात गोष्ट जवळजवळ नाही. मोजक्याच शब्दांची अशी फिरवाफिरव आहे, की वाचणाऱ्याची जीभच तालात पडते. त्याचे मराठी भाषांतर करण्याचा खटाटोप व्यर्थ होय. त्याऐवजी मुलांनाच आपल्या भाषेतील नादशब्द घेऊन तशी ओळ रचू द्यावी : ढोलकीचे बोल, लोकलचा खडखडाट, छपरावरचा पाऊस. येथे एक गोष्ट ध्यानात असावी. पार्कर अवघ्या ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये गेला आणि व्यसनाने त्याचे शरीर पोखरले होते. ते पुस्तक लहानांसाठी असल्याने याविषयी बोलत नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांशी शिक्षकाने बोलावे; प्रतिभेचे कौतुक करताना व्यसनाला तिचे कारण ठरवू नये.

येथवरची सर्व पुस्तके परदेशची आहेत. आमचा खरा आग्रह पुढच्या भागाविषयी आहे, कारण ही कथा भाईंदरहून लोकलने गाठता येईल अशा ठिकाणी घडली आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्यासोबत वाजविण्यास येथे कोण तयार होते? गोव्यातील ख्रिस्ती वादक. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकविले जाई. त्या शिक्षणावर ही मुले मुंबईस आली आणि त्यांनी जॅझ आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले; त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या उत्तन-डोंगरीकडील ख्रिस्ती लग्नात ज्यांनी ब्रास बँड ऐकला असेल, त्या मुलांना ट्रम्पेटचा आवाज ओळखीचाच वाटेल.

हे संगीत श्रीमंतांच्या हॉटेलातले, नाचगाण्याचे, असा आक्षेप येतो. ऐकणारे श्रीमंत होते हे खरे; वाजविणारे नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतील कामे आटली आणि पुष्कळ वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी मास्टर भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटासाठी चिक चॉकलेट यांची साथ घेतली. त्यांचा संच पडद्यावरही दिसतो. परंतु एकूण परिस्थिती अशी, की स्वरसंगती रचणाऱ्या, वाद्यमेळ बांधणाऱ्या गोमंतकीयांची नावे श्रेयनामावलीत सहसा येत नसत. गाणी घराघरांत पोहोचली, हात मात्र अनामिक राहिले. ज्यांचे श्रम वापरले जातात पण नावे नोंदली जात नाहीत, अशांचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांना निराळा शिकवावा लागत नाही.

ही सर्व हकीकत नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या इंग्रजी ग्रंथात परिश्रमपूर्वक मांडली आहे. तो ग्रंथ प्रौढांसाठी आहे. मुलांसाठी त्याच्या आधारे मराठीत छोट्या गोष्टी लिहून घेणे हे शिक्षकांचे काम. एका वादकाला एक पान पुरते : गाव, शाळा, वाद्य, मुंबईतील पहिले काम. पान हस्तलिखित असावे आणि चित्र विद्यार्थ्याने काढलेले असावे. अशी दहा पाने जमली की ग्रंथालयाच्या कपाटात एक पुस्तक उभे राहते.

सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांची गोष्ट थोरल्या मुलांसाठी राखून ठेवावी. नाव झालेले असतानाच, आपण पुरेसे चांगले वाजवीत नाही असे वाटून त्यांनी १९५९ ते १९६१ या काळात कार्यक्रम थांबविले. शेजारी गर्भवती स्त्री राहत होती. तिला त्रास होऊ नये म्हणून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास सराव करीत. बॅरी विटेनस्टीन यांचे 'सॉनीज ब्रिज' (२०१९) हे पुस्तक याच काळावर आहे. पुढे त्याच दशकात ते भारतात आले आणि आपल्या राष्ट्रीय उद्यानापलीकडे, पवईच्या आश्रमात राहिले. १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत त्यांनी वादन केले. वसईच्या खाडीवरील पूल रोज पाहणाऱ्या मुलांना पुलावरचा हा वादक चटकन डोळ्यांसमोर उभा करता येतो.

ऐकविण्याचा क्रम असा ठेवावा. आर्मस्ट्राँगच्या गोष्टीनंतर त्याचे १९२८ सालचे 'वेस्ट एंड ब्लूज'. त्याच्या आरंभी ट्रम्पेट एकटाच बोलतो, तेवढाच भाग तीनदा लावावा आणि प्रत्येक वेळी मुलांना काय नवे ऐकू आले ते विचारावे. चिक चॉकलेट यांच्या पानानंतर 'अलबेला'तील एखादे गाणे. आणि रोलिन्स यांच्यानंतर त्यांचे १९५६ चे 'सेंट थॉमस', कारण त्याची चाल कॅरिबियन बेटांवरच्या बालगीतावरून आली आहे आणि दुसऱ्या खेपेस मुले ती स्वतःच गुणगुणू लागतात. एका बैठकीत एकच वादक घ्यावा. रविवारी सायंकाळचा अर्धा तास त्यास पुरेसा आहे.