डमडमची ओली माती आणि पावसाळाभर निजलेला टिलर

तोफा चढविण्यासाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्यास आपल्या जुन्या मराठीत ‘दमदमा’ म्हणत, आणि कलकत्त्याच्या उत्तरेकडील डमडम या वस्तीचे नावही त्याच शब्दावरून पडले असे कोशकार सांगतात. पुढे येथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात निघालेल्या ज्या जातीच्या गोळीस १८९९ च्या हेग परिषदेने मज्जाव केला, तिने या नावास जगभर अपकीर्ती मिळवून दिली हे खरे. परंतु घरामागच्या चार गुंठ्यांत फुलकोबी आणि पालक लावू पाहणाऱ्या गृहस्थास त्या इतिहासापेक्षा पायाखालच्या गाळाच्या चिकण मातीशीच अधिक कर्तव्य असते, आणि ती माती आश्विनात कशी हाताळावी एवढ्यापुरताच हा लेख आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे कलकत्त्यातून साधारणतः ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघार घेतात, त्याच सुमारास दुर्गापूजेची सुटीही संपते, आणि पूजेची धांदल ओसरली की ज्याच्या घरी लहान पेट्रोल टिलर आहे तो पहिल्याच उन्हाच्या दिवशी तो बाहेर काढतो. ही घाई सर्वथा अनुचित होय. वरची माती पांढुरकी पडली तरी बोटभर खाली ती लोण्यासारखी मऊ असते, आणि अशा मातीत पाती फिरली म्हणजे ती माती फोडीत नाहीत, थापतात; तळाशी एक गुळगुळीत कठीण थर बसतो, त्यातून पाणीही झिरपत नाही व मुळेही उतरत नाहीत, आणि वर आलेली ढेकळे वाळून विटेसारखी होतात. याच नदीकाठच्या मातीच्या विटा हुगळीच्या तीरावरील भट्ट्यांत भाजल्या जातात, तेव्हा ही उपमा केवळ अलंकारासाठी दिलेली नाही. आपण ज्यास वाफसा म्हणतो त्यास बंगाली शेतकरी ‘जो’ म्हणतो. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा; फुटून विखुरला तर वाफसा आला, चपटा होऊन तसाच बसला तर टिलर आणखी चार दिवस छपरातच राहू द्यावा.

हे चार दिवस वाया जात नाहीत, कारण यंत्राची कैफियत ऐकण्यास तितका अवधी लागतोच. प्रस्तुत लेखकाने एके वर्षी आषाढाच्या आरंभी टाकीत अर्ध्यावर पेट्रोल ठेवून टिलर कोपऱ्यात लोटला, आणि पूजेनंतर दोरी ओढून ओढून खांदा दुखावून घेतला. अखेर मिस्त्रीस पाचारण केले, त्याने कार्ब्युरेटरची वाटी सोडवून तळहातावर धरली, तेव्हा पिवळट पेट्रोलाच्या खाली पाण्याचा एक टपोरा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे घरंगळत होता, आणि जेटच्या सुईएवढ्या छिद्रावर मधासारखा चिकट थर बसला होता. मिस्त्री काही बोलला नाही, वाटी तेवढी डोळ्यांसमोर धरून राहिला. सांप्रत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसाच्या मळीपासून आणि मका-तांदळापासून होते, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचा ऊसही एका अर्थी आपल्या यंत्रांच्या टाकीत उतरलेला आहे. या इथेनॉलचा स्वभाव हवेतील दमट अंश शोषण्याचा, आणि डमडमच्या श्रावणात दमटपणाची वाण नसते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच पेट्रोल घेते. सबब जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, वाटी सोडवून पुसावी, नळी भेगाळली असल्यास बदलावी, आणि दोन-तीन आठवड्यांत खपेल इतकेच ताजे पेट्रोल भरावे.

तेलाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फोर-स्ट्रोक यंत्र सपाट जागी ठेवून पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. बहुतेक लहान यंत्रांत पहिले तेल वीस तासांनी व पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल त्याप्रमाणे, बदलण्याचा शिरस्ता आहे. टू-स्ट्रोक यंत्र असेल तर पेट्रोलात तेल किती मिसळावे ते पुस्तिकेत पाहावे, अंदाजाने ओतू नये. प्लगच्या टोकांतील अंतर बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे लागते. हवेच्या फिल्टरची मात्र हयगय लोक सर्वांत अधिक करतात: स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, चार थेंब तेल लावून पिळावा, कागदी असेल तर झटकावा, धुऊ नये.

आता प्रत्यक्ष मशागत. डमडमच्या आवारांत पूर्वीच्या बांधकामाची रोडी, फुटक्या कपांचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या पुरलेल्या असतात की टिलर घालण्यापूर्वी कुदळीने एक हात फिरविणे हेच शहाणपणाचे. वीट पात्यावर आदळली की यंत्र पुढे उसळी मारते व चालविणाऱ्यास फरफटत नेते. पहिल्या फेरीत खोलीची दांडी दोन-तीन इंचांवर ठेवावी, दुसऱ्या फेरीत, पहिलीस आडवे जाऊन, पाच-सहा इंचांपर्यंत उतरावे. एकाच फेरीत खोल जाण्याचा हव्यास धरणाऱ्याचे गिअर बॉक्स व कंबर दोन्ही लवकर कुरकुरतात. पात्यांची धार फिरण्याच्या दिशेस पुढे असावी. उजवी-डावी अदलाबदल झाली तर यंत्र फिरते पण माती तशीच राहते. दोरी वा गवत अक्षास गुंडाळले तर यंत्र बंद करून, प्लगची टोपी काढून, मगच हात घालावा. इंजिन सुरू असता केवळ क्लच सोडून हात घालणाऱ्या इसमास कोणतीही पुस्तिका वाचवू शकत नाही. लुंगी नेसून वा चपला घालून टिलर धरू नये. मागे सरताना विशेष जपावे, कारण त्या वेळी पाती पायांकडे येत असतात. बंद छपरात इंजिन चालवून पाहण्याची सवय तर सर्वथा टाकावी, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फुलकोबीच्या वाफ्यात शेणखत मिसळायचे ते दुसऱ्या फेरीच्या आधी पसरावे, म्हणजे वेगळी मजुरी पडत नाही. काम आटोपल्यावर माती ओली असतानाच लाकडाच्या चपट्या तुकड्याने पाती खरडावी, इंजिन निवल्यावर पुसून घ्यावे, गरम इंजिनावर पाणी ओतू नये. हंगाम संपून चैत्रात कालवैशाखीचे, म्हणजे बंगालातील उन्हाळी वादळांचे, वारे सुटण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून दोरी दोनदा हळू ओढावी, आणि यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवून त्या दिवसाची तारीख व चाललेले तास एका वहीत लिहून ठेवावेत.