अटेम्प्ट मोजू नका, तारीख धरा

पुण्यात नव्या पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, "अजून किती दिवस करणार?" उत्तर येतं, "दोन अटेम्प्ट बघतो." सिव्हिलची पदवी घेऊन, बार्शीकडून घरचे दरमहा पाठवायचे त्या पैशांवर राज्यसेवेचा अभ्यास करत होतो, तेव्हा मीही हेच म्हणायचो. या उत्तरातली गोम 2020 साली दिसली. 5 एप्रिलला ठरलेली पूर्व परीक्षा आधी करोनामुळे, मग आरक्षणाच्या प्रश्नामुळे, मग पुन्हा करोनामुळे पुढं जात राहिली. झाली ती 21 मार्च 2021 ला. शास्त्री रोडवर आंदोलन झालं, त्यानंतर. जवळजवळ वर्ष गेलं, पण माझ्या हिशेबात एकही अटेम्प्ट खर्ची पडला नव्हता. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याला जातच होते, आणि वयही वाढत होतं. 2024 मध्येही 25 ऑगस्टची पूर्व परीक्षा 1 डिसेंबरला झाली.

त्यामुळे गावाकडची पोरं विचारायला येतात तेव्हा मी आधी हे सांगतो: अटेम्प्ट कधी होणार ते आयोग ठरवतो, तारीख तुम्ही ठरवू शकता. अमुक वर्षाच्या 30 जूनपासून नोकरी शोधायची. तेव्हा निकाल लागलेला असो वा नसो, मुख्य परीक्षा तोंडावर असो वा नसो. ही तारीख घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. शक्यतो बहिणीला. वडील ऐन वेळी हळवे होतात आणि "एकदा अजून बघ" म्हणतात.

तारीख मोडायला लावणारं वाक्य एकच असतं: "दोन मार्कांनी गेलं." नापास होण्यापेक्षा हे वाईट. सपशेल आपटलेला मुलगा परत जातो, काठावर राहिलेला आणखी दोन वर्षं थांबतो. कट ऑफच्या आसपास गर्दीच सगळ्यात जास्त असते. तिथं दोन मार्कांच्या अंतरात किती जण उभे असतात याचा विचार करा, मग "थोडक्यात हुकलं" या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. इतकी ऐसपैस मर्यादा असली की घाई वाटत नाही. पण बाकीचे दरवाजे त्याआधीच लागतात. मुख्यमंत्री फेलोशिपला 26 च्या पुढं घेत नाहीत. बँकेच्या पीओला खुल्या गटात तिशीची अट. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. अभ्यासाच्या टेबलासमोर पंचवीस कलमी वेळापत्रक चिकटवलेलं असतं, त्याच्या शेजारी या तारखांचा कागद मी कुणाच्या खोलीत पाहिला नाही.

आता खासगी नोकरीचं. बाहेर पडल्यावर पिंपरीतल्या एका बिल्डरकडे मुलाखत होती. रेरा कायदा मला कलमांसकट पाठ. 1 मे 2017, ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के स्वतंत्र खात्यात, सगळं घडाघडा सांगितलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "त्या खात्यातून पैसे काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांची प्रमाणपत्रं लागतात. इंजिनिअरच्या प्रमाणपत्रात तू काय काय भरशील?" इमारतीचा अंदाजे खर्च, आजवर झालेला खर्च, उरलेला खर्च, एवढंच उत्तर होतं. पदवीला शिकलेल्या एस्टिमेशनचंच काम. पण त्याला हात लावून वर्षं लोटली होती. मी कायदा वाचला तो बहुपर्यायी प्रश्नासाठी; त्या कायद्यानं माझ्याच धंद्यात नवं काम तयार केलंय हे डोक्यात आलंच नव्हतं.

त्यामुळे तयारीच्या काळात आपल्या मूळ विषयाला आठवड्यातला एक दिवस द्या. सिव्हिलवाल्यांनी कुणा ओळखीच्या ठेकेदाराची मोजमापं घ्यावीत, आरए बिलं एक्सेलमध्ये बसवावीत, राज्य दरसूची उलगडून पाहावी. पैसे मिळोत न मिळोत. बीकॉमवाल्यानं एखाद्या कर सल्लागाराकडे जीएसटीची विवरणपत्रं भरावीत. अभ्यासाचा वेळ जातो हे खरं, पण अभ्यासिकेत बारा तास बसणारे त्यातले किती तास चहाच्या टपरीवर असतात हे मला माहीत आहे.

मला पहिली नोकरी मिळाली ती एका छोट्या ठेकेदाराकडे, बिलिंगला. पगार बरोबरीच्या मित्रांच्या निम्म्याहून कमी. तो घ्यावा. फक्त नेमणूक पत्र आणि पीएफ मागून घ्यावा, कारण पुढची कंपनी तेच बघते. मधली वर्षं झाकायला अनुभवाचं खोटं प्रमाणपत्र मिळवून देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या महिन्यांचा पीएफ भरलेला नाही, हे नव्या मालकाला यूएएनवरून सहज कळतं. "राज्यसेवेची तयारी करत होतो, मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, आता थांबलोय" हे बायोडेटात सरळ लिहिलेलं चालतं. मुलाखतीत मात्र "थांबलोय" यावर खोदून विचारतात. मालकाला भीती असते की जाहिरात आली की हा पळणार. त्याला खरं उत्तर द्या.

आणि खरं उत्तर "पूर्ण थांबलोय" असंच असायला हवं असं नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर, 1750 गुण, वर 275 ची मुलाखत. नोकरी करत ती पेलणं अवघड. पण जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा यांच्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षांना मुख्य विषय स्थापत्यच असतो. दिवसभर साईटवर जे केलं तेच रात्री पुस्तकात भेटतं. फक्त साईट रविवारीही चालू असते, तेव्हा परीक्षेच्या दिवसाची सुटी हॉलतिकीट आल्या आल्या मागून ठेवा. स्लॅबच्या दिवशी कुणी सोडत नाही.