तळहाताएवढी गाडी नवी करायची कशी, आणि विकायची की नाही?

मागच्या बॅचमधल्या एका मुलाने प्रश्न विचारला होता: "सर, मी जुन्या डायकास्ट गाड्या नव्या करतो, लोक सहाशे रुपये देतात. नोकरी सोडू का?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं, पण कामाची पद्धत आणि हिशोब, दोन्ही लिहूनच नीट कळतात. म्हणून हा लेख. ज्यांना धंदा करायचा नाही, फक्त छंद म्हणून शिकायचं आहे, त्यांनी पहिला अर्धा भाग वाचला तरी चालेल.

आधी स्केल समजून घ्या. १:६४ म्हणजे खऱ्या गाडीचे ६४ सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर होतात. आपली अ‍ॅम्बेसिडर साधारण ४.३ मीटर लांब. ती १:६४ मध्ये पावणेसात सेंटिमीटर होते, म्हणजे मुठीत मावते. १:४३ मध्ये १० सेंटिमीटर, १:२४ मध्ये १८ आणि १:१८ मध्ये जवळजवळ २४. ग्राहक "मोठी गाडी हवी" म्हणाला की तुम्ही स्केल विचारायचं. शोकेसची खोली कमी असेल तर १:१८ची गाडी आडवी ठेवावी लागते आणि मग ग्राहक नाराज होतो.

दुसरी गोष्ट, किट आणि डायकास्ट यातला फरक. किट म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीत येतात, ते कापून, घासून, चिकटवून गाडी उभी करायची. जपानच्या तामिया कंपनीची १:२४ची किट यात प्रसिद्ध आहेत. डायकास्ट म्हणजे वितळलेला जस्ताचा मिश्रधातू साच्यात दाबून केलेली तयार गाडी. मॅचबॉक्स, हॉट व्हील्स या सगळ्या डायकास्ट. नव्याने शिकणाऱ्याने डायकास्टपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात, नातेवाइकांच्या माळ्यावर त्या मिळतात आणि बिघडली तरी मोठं नुकसान नाही.

मॅचबॉक्सची गोष्ट उद्योजकाने ऐकण्यासारखी आहे. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ साली लंडनमध्ये लेझनी ही कंपनी काढली. पुढे त्यांना येऊन मिळालेल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तेवढी गाडी केली. १९५३ पासून त्याच मापाने ब्रँड उभा राहिला. १९६८ साली मॅटेलने हॉट व्हील्स आणली. तिची चाकं इतकी सुळसुळीत की जुनी मॅचबॉक्स तिच्यापुढे ढकलगाडी वाटायची. लेझनीने पुढच्याच वर्षी 'सुपरफास्ट' चाकं काढून उत्तर दिलं, पण १९८२ साली कंपनीचं दिवाळं निघालंच.

आता काम. गाडी उलटी करा. तळाला एक-दोन रिव्हेट दिसतील. ते ठोकून काढायचे नाहीत. मधोमध टोच्याने खूण करा, आधी बारीक बिट आणि मग साधारण ३ मिलिमीटरचा बिट हळू फिरवा. रिव्हेटची टोपी उडाली की तळ सुटतो. आत जो खांब राहतो त्यात नंतर बारीक स्क्रू बसवायचा. काच, सीट, चाकं बाहेर काढून एका डबीत ठेवा आणि डबीवर गाडीचं नाव लिहा. पाच गाड्या एकदम उघडल्या की कुठलं चाक कुणाचं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची, या तीन गोष्टींशिवाय बाटली उघडू नका. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलुपात. कुणी स्वस्तातला उपाय म्हणून कॉस्टिक सोडा सांगेल, पण तो जस्ताला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. त्या वाटेला जाऊ नका.

रंग निघाला की धातू नीट बघा. अंगावर बारीक भेगा, फुगवटे, हाताने दाबलं तर तुकडा पडतो असं असेल तर त्याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. जस्तात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून फुटत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांत हे खूप दिसतं. याला औषध नाही, लांबी भरून झाकलं तरी सहा महिन्यांनी वर येतं. अशी गाडी विकायची नाही.

बाकी काम रंगाऱ्याचंच. खड्ड्यात लांबी, मग वॉटर पेपर, साबणाने धुणं, पूर्ण वाळवणं, प्रायमर, आणि रंगाचे पातळ हात. एक जाड हात मारला की दाराच्या रेघा बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. इनॅमलवर लॅकरचा स्प्रे मारू नका, खालचा रंग सुरकुततो. आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, लॅकरवर पांढरट धुरकटपणा येतो. जुलैमध्ये ऑर्डर घेताना तारीख जपून द्या.

आता त्या मुलाचा हिशोब. आकडे त्याचेच, फक्त गोल केलेत. जुनी गाडी १५०, प्रायमर ३५, रंग ४५, चाकं ६०, डेकल ४०, पेपर-स्क्रू २०, डबा ४०. झाले ३९०. सहाशेला विकली म्हणजे २१० सुटले, असं तो म्हणतो. पण कुरिअरचे ८० तोच भरतो. उरले १३०. आणि हाताचं काम चार तास. तासाला साडेबत्तीस रुपये.

थांबा, अजून आहे. दहातली एक गाडी बिघडतेच, तिच्याचकडून मी वदवून घेतलं. नऊ गाड्यांचे आले ५४००. दहा गाड्यांचा खर्च ३८६० (बिघडलेलीला डबा लागला नाही), कुरिअर ७२०. हातात ८२०, आणि गेले चाळीस तास. तासाला साडेवीस रुपये. मी त्याला विचारलं, "कंपनीत तुला तासाला किती पडतात?" तो गप्प बसला. नोकरी सोडू नकोस, एवढंच मी सांगितलं.

मग छंदातून पैसे मिळणारच नाहीत का? मिळतील, पण पद्धत बदलून. एक, दहा गाड्यांचा रंग एकदम काढा, प्रायमर एकदम मारा. भिजत घालायला एका गाडीला लागतो तोच वेळ दहांना लागतो. दोन, ग्राहकाचीच गाडी घ्या आणि अर्धे पैसे आगाऊ. माल खरेदीचा धोका संपला. तीन, आठवण विका. मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. ज्याच्या वडिलांनी ती वीस वर्षं चालवली, त्याला वडिलांच्या नंबर प्लेटसकट काळी-पिवळी करून दिली तर तो सहाशेवर घासाघीस करत नाही.

इथे एक गोष्ट मी वर्गात कडक आवाजात सांगतो. मूळ रंगातली दुर्मिळ जुनी गाडी रंगवू नका. संग्राहक खरवडलेल्या मूळ रंगाला जास्त पैसे देतो, चकचकीत नव्याला कमी. आणि नव्याने रंगवलेली गाडी 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. तळावर स्क्रू दिसला की जाणकार ओळखतोच, आणि या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

कायद्याचं थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुमची रंगवलेली गाडी मुलांचं खेळणं म्हणून विकू नका, मुलांच्या खेळण्यांच्या रॅकवर ठेवू नका. जीएसटीची ४० लाखांची सवलत ऐकून निश्चिंत होऊ नका. राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, सीएला विचारून घ्या.

विक्रीच्या वेळी वर्णन असं लिहा: "१:६४, जुनी डायकास्ट. पूर्ण नव्याने रंगवलेली. चाकं बदललेली, काच मूळ, तळ स्क्रूने जोडलेला. संग्रहासाठी, लहान मुलांसाठी नाही." चार ओळी. फोटोत तळाचा एक फोटो हवाच.