मधेच हाक मारू नकोस

अगं, रागावू नकोस, पण परवा राहुरीला तुझ्याकडे मासवडीचा रस्सा खारट झाला आणि तू सगळ्यांदेखत सासूबाईंना "हल्ली लक्षच नसतं तुमचं" म्हणालीस, ते मला खटकलं. मी ओट्यापाशीच उभी होते. त्यांनी मिठाची बरणी उघडली, चमचाभर मीठ रश्शात घातलं, तेवढ्यात तू बाहेरून ओरडलीस, "गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय?" त्यांनी आठवून सांगितलं, कपाटात, वरच्या कप्प्यात. वळून बघतात तर बरणी उघडी, चमचा हातात. घातलं की घालायचंय? त्यांनी पुन्हा घातलं. म्हणजे त्या खारट रश्शाची निम्मी धनीण तू!

गंमत बघ, तुझा प्रश्न त्यांनी नीट ऐकला, उत्तरही बरोबर दिलं. घोटाळा झाला तो मूळ कामाकडे परतताना. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲडम गॅझॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०११ साली हेच दिसलं. निसर्गाचं एक चित्र मनात धरून ठेवायला सांगायचं, मधेच एक चेहरा दाखवून ही बाई की पुरुष, वय किती असेल, असं विचारायचं आणि मग पुन्हा त्या चित्राकडे यायचं. एकीकडे चोविशी-पंचविशीतली मुलं, दुसरीकडे सत्तरीच्या आसपासची माणसं, आणि मेंदूचं स्कॅनिंग चालू. व्यत्ययाचा फटका दोघांनाही बसला. पण तरुण मेंदू चेहरा सोडून चित्राकडे परत वळत होता. वयस्कर मेंदू चेहरा निघून गेल्यावरही त्यालाच धरून बसत होता.

मुळात काम करताना मनात धरून ठेवायची जागाच लहान. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाच्या मते साधारण तीन-चार गोष्टी मावतात. आणि या क्षमतेची उतरण साठीनंतरच लागते असंही नाही, ती तरुणपणीच हळूहळू सुरू होते. तेव्हा पंचेचाळिशीची फार ऐट नको! पतसंस्थेत नोटा मोजताना कुणी हाक मारली की तूही पहिल्यापासून मोजतेस. पाळी जायच्या वयात तर बऱ्याच जणींचा असा गोंधळ उडतो, त्याचा धसका घेऊ नकोस.

मधे कुणी हाक मारली नाही तर काय होतं बघ. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, पाचेक महिन्यांत लिहून काढलं. तिथं दूधवाला नव्हता, फोन नव्हता, शिट्ट्या मोजायला कुकर नव्हता. घरातल्या बाईला एवढी सलग बैठक कोण देतंय?

मला खरी काळजी मिठाची नाही, गोळ्यांची आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांना औषधं देताना बारकाईने पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१०चा. दर व्यत्ययामागे औषधातल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आणि त्या तर शिकलेल्या, कामावर असलेल्या बायका. तुझ्या सासूबाईंनी बीपीची गोळी हातात घ्यावी आणि नातवाने "आजी, माझा चार्जर?" म्हणावं, मग घेतली की नाही हे कुणाला विचारायचं?

म्हणून सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी आण, मेडिकलमध्ये मिळते. रविवारी दोघी मिळून भरा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात, आठवायचं कामच नाही. स्वयंपाकात मीठ घातलं की बरणी लगेच फडताळात. आणि "थांब गं, एवढं होऊ दे" असं म्हणायची त्यांना मोकळीक हवी. तू हाक मारलीस की सून चिडेल म्हणून त्या हातातलं टाकून उठतात, हे तुला कधी दिसलंय का?

नेहमीची वाट चुकायला लागली, पैशांचा व्यवहार उमजेना, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा आला, तर मात्र वय झालं म्हणून सोडू नकोस. डॉक्टरांना दाखव आणि बी-१२, थायरॉइड तपासायचं का तेही विचार. या दोन्हींतल्या बिघाडानेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे.

बाकी राहिलं पोरांना सांगायचं. आजी गोळी घेत असताना कुणीही हाक मारायची नाही, अगदी तूसुद्धा.