मालवाहू पिकअपची निवड : नाव, कारखाना आणि गुण

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. त्यातील फुलचूर हे गाव गोंदिया शहराला लागूनच वसलेले असल्याने येथील शेतकऱ्यास बाजारपेठ, भातगिरण्या व रेल्वे स्थानक ही जवळच पडतात. पूर्वी बांधीतला माल घरी व घरचा माल बाजारात नेण्याचे काम बंडीवर होत असे. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि आता धानाचे कट्टे, भाजीपाला, खते व तणस यांच्या वाहतुकीकरिता चारचाकी पिकअप सर्रास वापरात आली आहे. बैलजोडी घेताना शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पिकअप घेताना मात्र पुष्कळदा केवळ नाव पाहिले जाते. बैलजोडीच्या कितीतरी पट किंमत असलेली व बहुधा कर्ज काढून घ्यावी लागणारी ही वस्तू अधिक बारकाईने पारखून घेणे अगत्याचे आहे.

पिकअप घेण्याचे ठरले की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. कोणत्या कंपनीची गाडी चांगली, हा पहिला आणि ती कोठे तयार होते, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तेवढ्यावर निर्णय घेतल्यास फसगत होण्याचा संभव असतो.

गाडीचे नाव व तिचे जन्मस्थान

महाराष्ट्रास वाहन उद्योगाची परंपरा जुनी आहे. महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून जीप गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली स्थापन झाली व तिच्या तीनचाकी गाडीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला, की आज कोणत्याही लहान मालगाडीस लोक टेम्पो म्हणतात. त्याच कंपनीने २००५ साली फोर्स मोटर्स हे नाव धारण केले. टाटांनी १९८८ साली ‘टाटामोबाईल’ ही पिकअप पुण्यात तयार केली आणि मे २००५ मध्ये ‘एस’ ही लहान मालगाडी बाजारात आणली. सातशे घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन व पाऊण टन माल वाहण्याची शक्ती असलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हाथी’ असे नाव दिले.

तथापि कंपनीचे मूळ गाव व गाडी तयार होण्याचे ठिकाण ही एकच असतात असे नाही. एस गाडी प्रथम पुण्यात तयार होत असे. पुढे तिच्याकरिता उत्तराखंडातील पंतनगर येथे नवा कारखाना उभारण्यात आला. महिंद्र कंपनीचे कारखाने महाराष्ट्रात कांदिवली, नाशिक व चाकण येथे आहेत. परंतु तिची ‘जीतो’ ही २०१५ साली निघालेली लहान गाडी तेलंगणातील झहीराबाद येथे तयार होऊ लागली. अशोक लेलँडची ‘दोस्त’ ही गाडी २०११ साली जपानच्या निस्सान कंपनीच्या भागीदारीत तामिळनाडूतील होसूर येथे निघाली. ती भागीदारी पुढे संपुष्टात आली. गाडी मात्र चालू राहिली. इसुझु हे नाव जपानी असले तरी तिच्या पिकअप गाड्यांचा कारखाना २०१६ पासून आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे आहे.

परदेशातही हाच प्रकार आढळतो. अमेरिकेने १९६४ साली बाहेरून येणाऱ्या हलक्या मालगाड्यांवर शेकडा २५ जकात बसविली. आज टोयोटा या जपानी कंपनीची ‘टुंड्रा’ पिकअप अमेरिकेतच टेक्सास राज्यात तयार होते; उलट शेव्हरोले या अस्सल अमेरिकन नावाच्या काही पिकअप मेक्सिकोतील कारखान्यातून येतात. तेव्हा नावावरून देश व देशावरून गुण ठरविणे हे बियाण्याच्या पिशवीवरील चित्र पाहून पिकाचा अंदाज करण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणतीही कंपनी गाडीचा प्रत्येक भाग स्वतः तयार करीत नाही. टायर, बॅटरी, ब्रेकचे भाग, दिवे व इंधन फवारणारी यंत्रणा हे भाग बहुधा अन्य पुरवठादारांकडून येतात. नाशिक येथील बॉशचा कारखाना डिझेल इंजिनांची अशी इंधन फवारणीची सामग्री तयार करतो. एकाच पुरवठादाराचे भाग निरनिराळ्या नावांच्या गाड्यांत बसलेले असू शकतात.

जन्मस्थान कसे ओळखावे

गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक कोरलेला असतो. भारतात तयार झालेल्या गाडीचा क्रमांक ‘एम’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. पहिली तीन चिन्हे उत्पादक दर्शवितात. एम-ए-१ असल्यास महिंद्र, एम-ए-टी असल्यास टाटा व एम-बी-१ असल्यास अशोक लेलँड असे समजावे. पुढील चिन्हांत गाडीचा प्रकार, निर्मितीचा काळ व कारखाना यांच्या खुणा असतात. त्यांचा अर्थ विक्रेत्याकडून समजावून घ्यावा. ‘एमएच ३५’ ही पाटी गाडीची नोंदणी गोंदियास झाल्याचे सांगते. ती कोठे तयार झाली, याच्याशी त्या पाटीचा संबंध नाही.

या क्रमांकाचा खरा उपयोग निराळाच आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांक व सांगाड्यावरील क्रमांक तंतोतंत जुळतात की नाही, हे जुनी गाडी घेताना अवश्य पाहावे. प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्षही दिलेले असते. नवी म्हणून दाखविलेली गाडी विक्रेत्याकडे बराच काळ पडून राहिली असल्यास ते त्यावरून उघड होते.

खरी कसोटी : भार

गाडीचा पहिला गुण म्हणजे ती कायदेशीरपणे व सुरक्षितपणे किती माल वाहते, हा होय. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे व दुसरे भारासहित कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरलेला आकडा ही गाडीची शक्ती. चालक व सोबती यांचे वजनही त्यातच धरावे.

हा हिशेब धानाच्या कट्ट्यांत मांडला म्हणजे लवकर समजतो. कट्टा ४० किलोचा धरला, तर ७५० किलोच्या गाडीत १८ कट्टे बसतात. सव्वा टनाच्या गाडीत ३१ व दोन टनांच्या गाडीत ५० कट्टे मावतात. लहान एस पहिल्या वर्गात येते व दोस्त दुसऱ्या. महिंद्रच्या २०२३ साली निघालेल्या बोलेरो मॅक्स पिकअप मालिकेत १.३ टनांपासून दोन टनांपर्यंतच्या गाड्या आहेत आणि टाटांच्या योद्धा मालिकेतही २०२२ पासून दोन टनांची गाडी आहे. यावरून दिसून येईल, की तुलना कंपनी-कंपनीत न करता एकाच वर्गातील गाड्यांत केली पाहिजे. पाऊण टनाची एक गाडी व दोन टनांची दुसरी गाडी यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याचे ११२ कट्टे धान फुलचुराहून गोंदियास न्यावयाचे आहे. पाऊण टनाच्या गाडीस सात खेपा लागतील, सव्वा टनाच्या गाडीस चार व दोन टनांच्या गाडीस तीन. अंतर थोडे असल्याने वाढीव खेपांचे इंधन फारसे होत नाही. उलट मोठ्या गाडीकरिता तीन लाख रुपये अधिक गुंतले व व्याज शेकडा १० धरले, तर पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटी ३०,००० रुपये जातात. ज्याचे काम वर्षातून धानाच्या हंगामापुरतेच आहे, त्याला भाड्याची गाडीच परवडते. रोज पहाटे भाजीपाला बाजारात नेणाऱ्यास लहान गाडी घेणे किफायतशीर ठरते. मोठी गाडी त्यानेच घ्यावी, ज्याला शेजाऱ्यांचा माल वाहण्याचे कामही बारमाही मिळणार आहे.

जादा पाट्याचा भ्रम

मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा चढविला की गाडी अधिक भार घेते, अशी समजूत रूढ आहे. ती घातक आहे. जादा पाट्याने गाडी मागे बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, आस व सांगाडा पूर्वीचेच राहतात. उतारावर भरलेली गाडी थांबवावयाची असते ती ब्रेकने, पाट्याने नव्हे. फाळक्याच्या वर फळ्या लावून हौदा उंच केल्यासही हाच धोका संभवतो. हौदा भरला म्हणजे भार पुरा झाला, असे नसते. तणसाने हौदा शिगोशीग भरला तरी वजन थोडे असते. वाळूने अर्धा भरला तरी ते मर्यादेबाहेर जाऊ शकते. डोळ्याच्या अंदाजावर न विसंबता प्रथम एकदा वजनकाट्यावर तपासून आपल्या मालाचे प्रमाण ठरवून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराबद्दल २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका फेरीत वाचविलेले भाडे अशा दंडापुढे काहीच नाही.

इंजिन व जवळची फेरी

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धूरनियमनाचे मान लागू झाले. तेव्हापासून अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. साचलेली काजळी जळून जाण्याकरिता इंजिन पुरेसे तापून काही वेळ सलग चालावे लागते. फुलचूर ते गोंदिया अशा आखूड फेऱ्याच रोज होत असतील, तर इंजिन तापते न तापते तोच बंद केले जाते आणि गाळणी तुंबण्याचा संभव वाढतो. असा दोष आढळल्यास तो गाडीच्या नावावर किंवा कारखान्यावर लादणे योग्य नव्हे; तो निवडीचा दोष होय. ज्याचे काम केवळ जवळच्या फेऱ्यांचे आहे त्याने पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचाही विचार करावा. मारुती सुझुकीची ‘सुपर कॅरी’ ही २०१६ साली डिझेलवर निघालेली गाडी पुढे पेट्रोल व सीएनजी इंजिनांसह मिळू लागली. मात्र सीएनजी घेण्यापूर्वी गॅस भरण्याचे केंद्र किती दूर आहे व टाकीमुळे भारशक्ती किती घटते, हे पाहून घ्यावे. डिझेल गाडी असल्यास आठवड्यातून एकदा तरी तिला लांबच्या रस्त्याने सलग चालवावी आणि गाळणीचा दिवा लागल्यास पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे वागावे.

पावसाळ्यात पांदणीचा चिखल ही येथील आणखी एक अडचण. मागील चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असताना मागे हलकी असते व चिखलात चाके जागीच फिरतात. म्हणून गाडीची जमिनीपासूनची उंची पाहावी, टायरांच्या खाचा झिजू देऊ नयेत आणि पांदण ओली असताना गाडी पक्क्या सडकेवर उभी करून माल तेथवर आणावा.

दुरुस्तीची सोय

गाडी होसूरला जन्मली की पंतनगरला, यापेक्षा ती बिघडल्यावर गोंदियास उभी राहते की नागपूरला न्यावी लागते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. धानाची खरेदी चालू असताना गाडी चार दिवस बंद पडली तर त्या दिवसांची मिळकत बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. याकरिता विक्रेत्याच्या शब्दावर न राहता प्रत्यक्ष दुकानात जाऊन क्लच प्लेट, ब्रेकचे अस्तर, तेलगाळणी व पाटा यांच्या किमती विचाराव्यात आणि ते जागेवर मिळतात की मागवावे लागतात, हे पाहावे. तीच गाडी दोन-तीन वर्षे चालविणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावे. पुढे विकताना काय किंमत येते, हेही त्यांच्याकडूनच कळेल.

माणसे हा माल नव्हे

रोवणीच्या दिवसांत पऱ्हे व मजूर एकाच हौद्यातून नेण्याची चाल अनेक ठिकाणी दिसते. मालगाडीच्या हौद्यात ना आसन असते, ना धरावयास आधार. ओल्या सडकेवर गाडी घसरली, की उभ्या असलेल्या माणसांच्या भाराने ती सहज कलंडते. मालवाहू गाडीत अशी माणसे नेणे कायद्यास मान्य नाही व अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येते. रोवणीस आलेल्या बाया सायंकाळी सुखरूप घरी परतणे हे चार खेपांच्या बचतीपेक्षा मोठे आहे. कितीही नामांकित कारखान्याची गाडी असली तरी हा धोका टळत नाही.

सारांश

पिकअप घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

१. वर्षातून किती दिवस व प्रत्येक दिवशी किती कट्ट्यांचे काम आहे?
२. त्या कामास कोणत्या भारवर्गाची गाडी पुरे?
३. फेरी आखूड की लांब आणि त्यास कोणते इंधन योग्य?
४. सुटे भाग व जाणता मिस्त्री गोंदियास मिळतात काय?
५. वाईट हंगामातही हप्ता फेडता येईल काय?

एवढे ठरल्यावर मगच नावांची तुलना करावी. जन्मस्थान कागदावरून कळते, गुण कामावरून कळतो. बैलाची परीक्षा जशी जुवाखाली होते, तशी गाडीची परीक्षा आपल्या भारासह व आपल्या रस्त्यावर करून, त्यानंतरच विसार द्यावा.