जर्मन नामांची ओळख : मराठीच्या वाटेने

इंद्रायणीकाठची आळंदी आणि चाकणची औद्योगिक वसाहत यांच्यात अंतर थोडेच आहे. मर्सिडीज-बेन्झ व फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांचे मोटारींचे कारखाने २००९ साली चाकणला सुरू झाले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला आणि जर्मन भाषा शिकणे हा अनेक तरुणांच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न बनला. परिचारिकेला तेथे व्यवसायाची पूर्ण मान्यता हवी असेल, तर साधारणपणे बी-२ पातळीचे भाषाज्ञान लागते. या वाटेवर विद्यार्थी प्रथम अडखळतो तो बहुधा नामापाशी. वास्तविक मराठी भाषकाने येथे बिचकण्याचे कारण नाही.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, तशी ती मराठीतही आहेत. इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकणाऱ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते हेच नवल वाटते. मराठी मूल मात्र तो दिवा, ती वात, ते तेल असे सहज म्हणते. जर्मन नामापुढे लिंगदर्शक उपपद येते : पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘डी’, नपुंसकलिंगी ‘डास’. अडचण एवढीच की, दोन्ही भाषांतील लिंगे जुळतीलच असे नाही. चाक आणि ‘डास राड’ दोन्ही नपुंसकलिंगी. पण ते मशीन तेथे ‘डी माशीने’ म्हणजे स्त्रीलिंगी होते. आपला सूर्य पुरुष, त्यांची ‘डी झोने’ स्त्री. आपल्या नद्या बहुतेक साऱ्या स्त्रीलिंगी. तेथे डोनाउ स्त्रीलिंगी, तर ऱ्हाइन आणि नेकार पुल्लिंगी. लिंग बदलले की अर्थही बदलतो असे शब्द दोन्हीकडे आहेत. ‘डेर लाइटर’ म्हणजे विभागप्रमुख आणि ‘डी लाइटर’ म्हणजे शिडी. कारखान्यात या दोहोंत गोंधळ होऊन चालणार नाही! मराठीत तो वेळ आणि ती वेळ यांतील भेद याच जातीचा आहे.

काही खुणा साहाय्य करतात. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ या प्रत्ययांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी, तर लघुत्वदर्शक ‘शेन’ लागलेली नपुंसकलिंगी असतात. म्हणूनच मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्यास यात विपरीत काही वाटू नये. सामासिक नामाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते. समाधी ती, मंदिर ते, म्हणून ते समाधिमंदिर. त्याचप्रमाणे ‘डास वेर्कत्सॉइग’ (हत्यार) व ‘डी माशीने’ मिळून ‘डी वेर्कत्सॉइगमाशीने’, म्हणजे यांत्रिक हत्यार, हा शब्द स्त्रीलिंगी होतो. बाकीच्या शब्दांसाठी पाठांतरास पर्याय नाही, आणि ते उपपदासह करावे. १९१७ पासून वारकरी शिक्षण संस्था नांदत असलेल्या आळंदीत पाठांतराची थोरवी वेगळी सांगावयास नको.

खरी कसोटी विभक्तीची. मराठीत नामाचे सामान्यरूप होऊन त्यास प्रत्यय लागतो : मुलगा, मुलाला. जर्मनमध्ये नाम बहुधा जसेच्या तसे राहते आणि उपपद बदलते. पुल्लिंगी एकवचनात कर्त्याला ‘डेर’, प्रत्यक्ष कर्माला ‘डेन’, ज्याला द्यावयाचे त्याला ‘डेम’ आणि संबंध दाखविताना ‘डेस’. ‘डेर झोन रूफ्ट डेन आर्त्स्ट’ म्हणजे मुलगा डॉक्टरांना बोलावतो. ‘डेन झोन रूफ्ट डेर आर्त्स्ट’ म्हणजे मुलाला डॉक्टर बोलावतात. शब्दांचा क्रम तोच, ‘र’ आणि ‘न’ यांची अदलाबदल झाली आणि बोलावणारा बदलला. रुग्णालयात हा फरक ऐकू न येणे परवडणारे नाही. शिवाय ‘डेर’ ऐकताच नाम पुल्लिंगी समजू नये. स्त्रीलिंगी नामाची चतुर्थी व षष्ठीही ‘डेर’च घेतात.

मराठी भाषकाची हमखास चूक होते ती सप्तमीच्या ‘त’मुळे. तो देवळात जातो आणि तो देवळात बसतो, दोन्हीकडे आपण ‘देवळात’च म्हणतो. जर्मन भाषा येथे गती आणि स्थिती वेगळ्या मानते : जाणारा ‘इन डेन टेम्पेल’ जातो, बसलेला ‘इम टेम्पेल’ असतो.

अनेकवचनाच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. त्या नामासोबतच शिकाव्यात. चतुर्थीच्या अनेकवचनात मात्र बहुतेक नामांना अखेरीस ‘न’ जोडला जातो : किंडर म्हणजे मुले, ‘डेन किंडर्न’ म्हणजे मुलांना. आपल्या ‘मुलांना’मधील अनुस्वाराशी त्याचे साम्य मनात धरले, तर हा नियम सहसा विसरत नाही.

लेखनात प्रत्येक जर्मन नामाचे पहिले अक्षर मोठे काढतात. देवनागरीत तशी सोय नसल्याने ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

जुन्या रूपांचे अवशेष दोन्ही भाषांत एकाच शब्दाशी टिकले आहेत. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘ई’कारान्त सप्तमी सर्रास आढळते, आज ती ‘घरी’, ‘दारी’ अशा मोजक्या शब्दांत उरली आहे. जर्मनमधील चतुर्थीचा जुना ‘ए’ प्रत्ययही जवळजवळ लोपला. पण ‘त्सु हाउजे’ या नित्याच्या शब्दप्रयोगात तो अद्याप ऐकू येतो. त्याचा अर्थ ‘घरी’ असाच आहे.